साकवाचा काळा रंग

महाडात लोखंड टिकत नाही. लग्न होऊन मी इथे आले त्या पहिल्याच वर्षी हे कळलं. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, टाकीचं झाकण, मी शिकवत होते त्या शाळेचं फाटक, जिथे हात लावावा तिथे बोटांना गंज लागायचा. एकीकडे एमआयडीसीची आंबूस हवा, दुसरीकडे सावित्री, जी दर पावसाळ्यात न बोलावता बाजारपेठेत शिरते आणि जाताना चिखल ठेवून जाते. लोखंडाने तरी किती सोसावं?

आमचं पोट मात्र या गंजावरच चालत होतं. माझा नवरा एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात केमिस्ट होता आणि तिथे गंज न लागू देणारे रंग बनत. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायची. त्यामुळे घरात जेवताना भाजीत मीठ कमी की जास्त यापेक्षा मिठाच्या पाण्यात रंगवलेली कुठली लोखंडी पट्टी किती टिकली, याची चर्चा अधिक व्हायची. मला ती आवडायची, हेही सांगून टाकते.

हे सगळं आज लिहायला बसण्याचं कारण एक जुना विद्यार्थी. तो आता कुठल्याशा मोठ्या कंपनीत असतो. घरी आला आणि ग्राफीनबद्दल भरभरून बोलायला लागला. ग्रॅफाइटचाच एक पदर, त्याहून पातळ काही असूच शकत नाही, रंगात चिमूटभर घातलं की लोखंडाला पाणी शिवत नाही, वगैरे. मी विचारलं, "आणि रंगाला ओरखडा पडला तर?" तो एकदम थांबला. म्हणाला, "बाई, सगळं घोडं तिथेच तर अडलंय. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी त्याला आणखी एक चहा दिला आणि विषय बदलला. नवरा आतल्या खोलीत होता आणि दार उघडं होतं.

ग्राफीनचं नावही आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हाची, नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. नवऱ्याने रंगात ग्रॅफाइट घालायला सुरुवात केली होती. पेन्सिलीत असतं तेच, पण पीठ करून नव्हे, पापुद्रे ठेवून. रंग वाळताना हे पापुद्रे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसतात. पाण्याला सरळ आत जायला वाट मिळत नाही, ते वळसे घेत घेत दमतं. कल्पना त्याने शोधलेली नव्हती, पण पापुद्रा किती मोठा, प्रमाण किती, कशात घोटायचा, हे त्याने स्वतः खपून बसवलं होतं. कारखान्याला हा रंग टाक्यांना आतून लावण्यासाठी हवा होता. रंगवलेल्या लोखंडी पट्ट्या मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने बुडवून ठेवल्या, एकीलाही डाग आला नाही. मालक खूश. आमच्या गॅलरीतही तारेला पट्ट्या टांगलेल्या असायच्या, एमआयडीसीची हवा खायला. माझ्या साड्या वाळत घालायला जागा उरायची नाही, त्यावरून रोज एक तरी भांडण व्हायचं.

नवऱ्याचं गाव म्हणजे पोलादपूरच्या वर, उमरठच्याही पुढे डोंगरात असलेली एक वाडी. तरणे पुरुष मुंबईला, घरी बायका आणि म्हातारे. वाडी आणि गाडीरस्ता यांच्यामध्ये एक ओढा. उन्हाळ्यात त्यात गुरं डुंबतात आणि आषाढात तो माणूस नेतो. पूर्वी त्यावर दोन ओंडके टाकलेले असायचे. पावसात ते सुटले की दवाखाना, रेशन, पलीकडची शेतं, सगळं बंद. म्हणून तिथे लोखंडी साकव, पायी जाण्यापुरता पूल, झाला तेव्हा वाडीला आपण जगाला जोडले गेलो असं वाटलं, आणि त्यात काही चूक नव्हतं.

माझे सासरे वाडीतल्या देवीच्या पालखीचे मानकरी. उंच, काटक, आणि भारी मिस्कील. मुलगा काय काम करतो हे त्यांना कुणी विचारलं की सांगायचे, "रंगारी हाय." मुलगा चिडायचा. "बाबा, रंगारी नाही, केमिस्ट." मग सासरे म्हणायचे, "रंग करतोस ना? मग रंगाऱ्याला काय शिंगं असतात?" गंमतच होती, पण नवऱ्याला ती लागायची. एम.एस्सी. होऊनही बापाच्या लेखी आपण काय आहोत हे त्याला कळत नव्हतं. साकव उभा राहिला तेव्हा तो म्हणाला, "याला माझा रंग लावतो. बघतील तरी."

मे महिन्यात रंगाचे डबे डोक्यावरून वर गेले. नवऱ्याने स्वतः लोखंड घासलं, दोन डब्यांतलं मिश्रण स्वतः घोटलं, आणि खांब, कठडा, तुळया, सगळं काळं कुळकुळीत करून टाकलं. वाडीतल्या बायका हसून म्हणाल्या, "साकव हाय का म्हस?" पण पुढच्या पावसाळ्यानंतर हसू थांबलं. त्या डोंगरातल्या पावसात इतर लोखंड वर्षभरात लालभडक होतं, याला ठिपकासुद्धा नाही. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला कठड्यावर हात फिरवायला लावायचे. "माझ्या पोराचा रंग हाय," म्हणायचे. नवरा तेव्हा दुसरीकडे बघायचा, पण कान तिकडेच असायचे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. जुन्या ओंडक्यांच्या तोंडाशी, वाडीच्या बाजूला, राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा, दगड होता. वाडीची वेस तीच. साकवाचा पाया घालताना गवंड्याने तो दगड काँक्रीटच्या पोटात घालून टाकला. त्याला कुणी सांगितलं नाही, त्याने कुणाला विचारलं नाही. म्हातारी मंडळी हादरली. तेव्हा सासऱ्यांनी निवाडा केला, "राखणदार काय दगडात बसला होता? तो जाग्याला हाय. जागा तीच हाय." त्या जागेवर साकवाच्या कठड्याचा पहिला खांब उभा होता, लोखंडी अँगलचा, धारदार कडेचा. राखण त्याच्यावर आली.

म्हणजे नारळ त्याच्यावर फुटायला लागला. शिमग्याला पालखी वेशीवर आली की मानाचा नारळ खांबाच्या बुडाशी. त्यामागून घरटी एकेक. कुणाची सून पहिल्यांदा आली, नारळ. कुणाचा मुलगा मुंबईला निघाला, नारळ. गाय व्याली तरी नारळ. वर हळदकुंकू, वर पाणी. माझ्या मुलीला पहिल्यांदा वाडीवर नेलं तेव्हा तिच्या बापानेही त्याच कडेवर नारळ आपटला होता. एका घावात फुटला म्हणून सासूबाई केवढ्या खूश झाल्या होत्या.

काही वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात सकाळी नवरा गॅलरीतून एक पट्टी घेऊन स्वयंपाकघरात आला. मी पोळ्या लाटत होते. ही पट्टी तारेला घासून घासून भोकाशी जरा सोलली होती. बाकी सगळी चकचकीत. त्याने ओट्यावर ठेवून खिळ्याने भोकाशेजारी टोचलं, तर खिळा रंगातून सरळ आरपार गेला. वरची काळी साल शाबूत आणि आत लोखंडाचा भुसा. शेजारीच त्याने रंग न लावलेली पट्टी ठेवली. ती गंजलेली होती, पण सगळीकडे सारखी, वरवर. तिच्यातून खिळा जात नव्हता.

"नारळ," तो म्हणाला.

मला कळेना. मग त्याने विचारलं, "तू मुलांना टॉर्चचा सेल फोडून दाखवतेस ना? त्यात काय होतं?" मी म्हटलं, "मधली कार्बनची कांडी जशीच्या तशी राहते आणि बाहेरचा जस्ताचा डबा खाल्ला जातो." आणि बोलता बोलताच मला कळलं. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. रंग अखंड असेल तोवर लोखंडापर्यंत पाणीच पोचत नाही, तर सेल कुठून व्हायचा? पण एकदा टवका उडाला, तिथे पाणी शिरलं, की रंगातलं सगळं ग्रॅफाइट कांडी होतं आणि त्या एवढ्याशा उघड्या लोखंडाचा डबा होतो. साधा गंज पसरतो, हा खोल जातो. रंग नसता तर खांब जास्त टिकला असता. कारखान्यात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण टाकीच्या आत ओरखडे काढायला जातं कोण? तिथे नारळ फुटत नाहीत.

रविवारी आम्ही वर गेलो. सासरे सोबत वेशीवर आले. अख्ख्या साकवाला डाग नव्हता. नवरा पहिल्या खांबापाशी उकिडवा बसला, हळदकुंकवाचा थर पुसला आणि चाकूचं टोक लावलं. रंगाची साल भाकरीच्या पापुद्र्यासारखी अख्खी निघून आली आणि तिच्यामागून तपकिरी चुरा सांडला. सासऱ्यांनी तो चिमटीत घेऊन चोळला.

"काय रे हे?"

नवऱ्याने सांगितलं. सेलचा दाखला दिला, ग्रॅफाइट सांगितलं, शब्द सोपे करत करत पुन्हा सांगितलं. चूक माझ्या रंगाची आहे, हेही स्पष्ट सांगितलं. सासऱ्यांनी बोटांवरचा चुरा झटकला. मग म्हणाले, "म्हणजे ह्याला जखम सोसत नाय." आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उठले. त्यांना सगळं कळलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी मुलाचा चेहरा बघितला आणि विश्वास ठेवला, एवढंच.

गावकी देवळात बसली. नवऱ्याचं मागणं दोनच गोष्टींचं होतं. खांब बदलायचा, आणि नारळ दुसरीकडे फोडायचा. एक म्हातारा म्हणाला, "नारळ फुटतोय का लोखंड फुटतंय?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "रंग तर आरशासारखा हाय. मग खांब कुठनं मेला?" नवऱ्याने पुन्हा सेल काढला. त्या देवळात टॉर्चचा सेल कुणाच्या गळी उतरणार होता? अखेर सासरे उठले. "माझा पोरगा सांगतोय. यंदाचा मान आंब्याच्या बुडाशी द्यायचा. राखणदाराला मी सांगतो काय सांगायचं ते." मानकऱ्याच्या शब्दापुढे कुणी बोललं नाही, पण कुणाला ते पटलं नव्हतं. त्या शिमग्याला नारळ आंब्याच्या मुळाशी फुटले. बायका जाताना खांबाकडे वळून हात जोडत होत्या, जणू कुणाला उपाशी ठेवून निघाल्या होत्या.

खांब बदलणं मात्र राहिलं. ते कसं राहिलं, हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. मुंबईकर आल्याशिवाय ठरवायचं नाही, असं ठरलं. मे महिन्यात मुंबईकर आले, त्यांनी साकवावर उभं राहून कठडा हलवला, तो हलला नाही. "एकदम स्ट्राँग है," त्यांतला एक म्हणाला. तरी नवऱ्याने पोलादपूरहून वेल्डर बोलावला, पण त्याच्या जनरेटरचा टेम्पो शेवटच्या चढणीला बसला आणि तो माघारी गेला. मग पाऊस, मग लावणीची धांदल. दिवाळीनंतर बघू. वाडीतलं प्रत्येक काम दिवाळीनंतर असतं.

मेअखेर महाडला परतण्याआधी नवऱ्याने त्याला जमलं ते केलं. वाडीच्या काठावर लाकडाची एक मेढ पुरली आणि कठड्याच्या दुसऱ्या खांबापासून त्या मेढीपर्यंत आडवा बांबू काथ्याने आवळून बांधला, म्हणजे कमकुवत खांबावर कुणाचा भार येऊ नये. घरोघर जाऊन सांगितलं, त्या बाजूचा कठडा धरू नका. लोक बरं म्हणाले. बरं म्हणायला काय जातं? सासऱ्यांनी मात्र ते मनावर घेतलं. दिवसातून दोनदा वेशीवर जाऊन बांबू हलवून बघायचे, कुणी त्या बाजूने चालताना दिसलं की हाक मारायचे. पोरं त्यांना चिडवायची. सासूबाई म्हणायच्या, "नोकरी लागली हाय त्यांना."

आषाढात एका दुपारी शाळेच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. वाडीतलाच एक जण पोलादपूरला उतरून एसटीडीवरून बोलत होता. त्याने जे सांगितलं ते मी तशीच जाऊन एमआयडीसीच्या फाटकावर नवऱ्याला सांगितलं. पावसाने काठ भुसभुशीत होऊन मेढ कलली होती. पलीकडच्या शेतावर बायका लावणीला गेल्या होत्या आणि तिन्हीसांजेला डोक्यावर ओझी घेऊन परतणार होत्या. सासरे काथ्या आणि कोयता घेऊन बांबू पुन्हा आवळायला गेले. आवळायला जोर हवा, म्हणून त्यांनी पाय खांबाच्या बुडाला लावला आणि काथ्या ओढला. खांब बुडातून मोडला. पलीकडच्या बायकांनी बघितलं. ओरडायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. सासरे सापडले ते दुसऱ्या दिवशी, ओढ्याच्या खालच्या वळणाला.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "कठड्याला धरून होते का?" मी म्हटलं, "नाही हो. बांबू बांधत होते." तो फाटकापाशी खालीच बसला. वॉचमनने पाणी आणलं. ते त्याने हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

बारा दिवस झाल्यावर गावकी आमच्या पडवीत बसली. ज्या म्हाताऱ्याने लोखंडावरून सगळ्यांना हसवलं होतं तोच बोलायला लागला, पण आता प्रेमाने. "झालं ते झालं. पन राखण मोडली की असं होतं. पिढ्या झाल्या, कधी चुकली नव्हती. यंदा चुकली. मानकऱ्यालाच नेलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला संताप आला, पण सुनेने अशा वेळी बोलायचं नसतं, आणि तो नियम त्या दिवशी मी पाळला.

नवरा बोलला. उभा राहून, शाळेत उत्तर द्यावं तसा. राखणीचा काही संबंध नाही, खांब माझ्या रंगाने खाल्ला, साधा रंग लावला असता तर बाबा आज असते, हे माझ्या हातून झालं आहे, असं सगळं त्याने एकेक करून सांगितलं.  त्याला शिक्षा हवी होती. निदान एखाद्याने तरी तोंडावर शिवी घालावी, एवढी अपेक्षा होती.

लोक कळवळले. "नाय रे पोरा, असं मनाला लावून घेऊ नको," एक जण म्हणाला. "रंगानं कुठं माणूस मरतो? तुझा रंग तर सोन्यासारखा हाय. जा, बघ, मोडक्या खांबावर अजून चकाकतोय. तू फक्त तेवढी राखण बंद करायला नको होतीस." जे त्याने केलं होतं त्यातून त्याला सोडलं, आणि जे केलं नव्हतं ते त्याच्या डोक्यावर ठेवलं. तेही इतक्या मायेने की उलट बोलायला जागा उरली नाही.

सासूबाई उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या.  त्या म्हणाल्या, "तुमी जरा गप ऱ्हावा." मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "तू सांगतोस ते खरं असंल. मला त्यातलं काय कळत नाय. पन अख्ख्या वाडीत तुझं खरं एकानं मानलं होतं रे. बाकीची सगळी त्याच खांबाला धरून रोज जात-येत होती, त्यांना काय सुदीक झालं नाय. ज्यानं मानलं, तोच गेला."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नुसतं सांगितलं त्यांनी, आणि उठून गुरांना पाणी दाखवायला गेल्या. पडवीतली माणसं एकेक करून निघून गेली. नवरा तसाच उभा होता. मी त्याचा हात धरून त्याला आत नेलं.

कारखान्यात त्याने तो रंग थांबवायला लावला नाही, आणि सोडूनही गेला नाही. टाक्यांच्या आत तो उत्तम चालतो, हे खरंच होतं. पण त्या दिवसापासून त्याने कुणाला काही पटवून देणं सोडलं. मालकाला नाही, गावाला नाही, मुलीलासुद्धा नाही. गॅलरीतल्या पट्ट्या त्याने स्वतः काढून टाकल्या आणि माझ्या साड्यांना सगळी जागा झाली. मी कधी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलते, अगदी विज्ञानातलं, त्याने पूर्वी कधी खपवून घेतलं नसतं असं. तो माझ्याकडे बघतो आणि "असेल" म्हणतो.